सोलापूर जिल्ह्यातल्या 11 आमदारांना खुलं पत्र : तूट भरा, पण आमची बिलं अडवून भरू नका

प्रति,
सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस इथले सन्माननीय आमदार यांस,

साहेब, नमस्कार.

हे पत्र मुख्यमंत्र्यांना किंवा अर्थमंत्र्यांना न लिहिता तुम्हा अकरा जणांना लिहितोय त्याला कारण आहे. बजेट मांडतात अर्थमंत्री, पण त्यावर हात वर करता तुम्ही. विधानसभेच्या मंजुरीशिवाय तिजोरीतला एक रुपया बाहेर पडत नाही, हे आपल्या घटनेनंच ठरवलंय. 2024 ला तुम्ही निवडून आलात तेव्हा तुमच्यातले 5 जण सत्तेतल्या पक्षाचे होते आणि 6 विरोधातले, म्हणजे हे पत्र कुणा एका पक्षाला टोचायला लिहिलंय असं कुणी समजू नये. राज्याची तूट कशी भरायची यावर सध्या सगळीकडे बोलणं चाललंय, कुणी म्हणतं लाडकी बहीण बंद करा, कुणी म्हणतं दारूवर अजून टॅक्स लावा, कुणी म्हणतं केंद्राकडून आपला वाटा आणा. त्या सगळ्यावर मी पुढे बोलणारच आहे. पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगतो. ही तूट आत्ताच भरली जातेय, रोज भरली जातेय, फक्त ती सभागृहात ठरवून भरली जात नाही तर लोकांचे पैसे अडवून भरली जातेय. हे थांबवा.

मी गेली बरीच वर्षं सोलापुरात छोट्या धंदेवाल्यांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो. माझ्याकडं येणारे लोक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, दोन-चार गाड्यावाले, रस्ते-गटारीची छोटी कामं घेणारे, शाळा-वसतिगृहांना माल देणारे. मोठं कुणी नाही. त्यामुळं राज्याचं बजेट मला टीव्हीवर दिसतं त्याच्या आधी या लोकांच्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं.

आधी आकडे, कारण आकड्याशिवाय बोललं की सगळं राजकारण होतं. 10 मार्च 2025 ला जे बजेट मांडलं ते साधारण 7 लाख कोटींचं होतं. महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चात कमाईपेक्षा जास्त गेलेलं, 45,891 कोटी, राजकोषीय तूट, म्हणजे एकूण जेवढं कर्ज काढून भागवायचं ते, 1 लाख 36 हजार कोटींच्या वर, आणि वर्षाअखेर राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज. नुसतं व्याज 64 हजार कोटींच्या पुढं. पगार, पेन्शन आणि व्याज हे तीन खर्च मिळूनच महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा संपतो, आणि यातलं काही उद्या सकाळी कमी करता येत नाही हे मलाही कळतं. सरकारचं म्हणणं असं की राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या सगळ्या उत्पन्नाच्या, 2.76 टक्के आहे, मर्यादा 3 टक्के आहे, कर्ज 18.87 टक्के आहे, मर्यादा 25 आहे, म्हणजे आपण मर्यादेत आहोत. कागदावर हे बरोबर आहे. महाराष्ट्र काही बुडायला आलेला नाही आणि तसं ओरडणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

पण या 2.76 टक्क्यांत एक गोष्ट मोजलेलीच नाही. सरकारचा हिशेब रोखीवर चालतो. पैसे प्रत्यक्ष दिले की खर्च धरला जातो, काम झालं तेव्हा नाही. म्हणजे रस्ता झाला, एमबी (कामाचं मोजमाप पुस्तक) लिहिली गेली, बिल सही होऊन पडलं, पण पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या तुटीत दिसतच नाही. घरात बँकेचं कर्ज वेगळं आणि किराणा दुकानातली उधारीची वही वेगळी असते ना, तसं आपलं सरकार बँकेचं कर्ज दाखवतंय आणि उधारीची वही कपाटात ठेवतंय. राज्यातल्या कंत्राटदार संघटना म्हणतात की सगळ्या खात्यांत मिळून 89 हजार कोटींच्या आसपास बिलं थकलीत. हा त्यांचा दावा आहे, सगळा आकडा एका वर्षाचाही नाही, आणि दावा करणारा जरा वाढवूनच सांगतो हे धरून चाललं तरी याच्या निम्मी रक्कम जरी खरी असली तरी ती वर्षाच्या महसुली तुटीएवढी होते. मग तूट मर्यादेत आहे हे वाक्य कुठल्या आधारावर बोलायचं? आणि तुम्ही ज्या बजेटवर मत देता त्यात ही वही तुमच्यासमोर ठेवलेली असते का?

आता हे खाली येऊन कसं लागतं ते सांगतो. माझ्याकडं एक तरुण कंत्राटदार आहे, डिप्लोमा झालेला, कामाला स्वतः उभा राहतो. त्यानं समजा 10 लाखाचं काम केलं आणि बिल दिलं, तर त्यावर 18 टक्क्यानं 1 लाख 80 हजार जीएसटी होतो. पोर्टलला त्याचे पैसे आले का नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. महिना संपला की रिटर्न भरायचं, खरेदीवरचं क्रेडिट वजा जाऊन राहिलेला टॅक्स खिशातून टाकायचा, उशीर झाला तर वर्षाला 18 टक्के व्याज. म्हणजे सरकारनं त्याला काही दिलेलं नाही आणि तो मात्र सरकारला त्याच न मिळालेल्या पैशावरचा टॅक्स देतोय. सिमेंटवाल्याला चेक दिलेला, खडीवाल्याला उधारी, मजुरांना तर दर शनिवारी रोख लागते, तिथं पुढच्या महिन्यात बघू असं म्हणता येत नाही. तो ऑफिसला विचारायला जातो तर उत्तर एकच, बीम्सवर (सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन यंत्रणेवर) निधीच नाही, आला की करू. मार्च आला की मग धावपळ, 31 मार्चच्या रात्रीपर्यंत लोक कॉम्प्युटरसमोर बसून, कुणाचं पाच टक्के निघालं, कुणाचं दहा टक्के, आणि ज्याची ओळख त्याचं जास्त. ही शेवटची गोष्ट तर तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा चांगली माहितीय.

खासगी व्यापाऱ्यानं छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत दिले नाहीत तर इन्कमटॅक्समध्ये त्याला तो खर्च त्या वर्षी धरू देत नाहीत, हा नियम आता लागू झालाय आणि आमच्या चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी त्यावर किती डोकेफोड केली ते मी पाहिलंय. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण सरकार स्वतः गिऱ्हाईक असलं की त्याला हे 45 दिवस का लागू पडत नाहीत? छोट्या माणसाचे पैसे वेळेत द्या हे सांगणाऱ्यानंच सगळ्यात जास्त उशीर लावायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

दुसरं उदाहरण शिवभोजनचं. 26 जानेवारी 2020 ला योजना सुरू झाली, 10 रुपयांत जेवण, शहरात एका थाळीमागे केंद्रचालकाला 50 रुपये मिळतात त्यातले 10 जेवणारा देतो आणि 40 सरकार. आता गणित करा, रोजच्या 100 थाळ्या म्हणजे सरकारकडून रोज 4,000, महिन्याला 1 लाख 20 हजार येणं. माझ्याकडं एक ताई येतात, केंद्र चालवतात, नवऱ्याचं आजारपण, दोन बायका कामाला. पिशवीतून गॅसच्या पावत्या, डाळ-तांदळाची बिलं काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, दादा हे लोनला चालेल का. कारण महिने-महिने अनुदान थकलं की त्यांना भात तर रोज शिजवावाच लागतो, ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो रोज टाकावाच लागतो. बचत गटातून काढलं, दागिना ठेवला, आता बँकेकडं बघतायत. म्हणजे राज्याच्या तुटीचं व्याज ती बाई भरतेय. सरकारला कर्ज सात-साडेसात टक्क्यानं मिळतं, तिला सोनं ठेवून जे मिळतं त्याचा दर काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. ज्याला स्वस्तात कर्ज मिळतं त्यानं ते घ्यायचं नाही आणि ज्याला महागात मिळतं त्याला घ्यायला लावायचं, ही काटकसर म्हणायची का?

आणि हे सरकत सरकत जातं कुठपर्यंत, तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात घरोघरी नळाच्या जलजीवन योजनेच्या कामातल्या एका तरुण पोरानं जीव दिला, बिल थकलं होतं असं घरचे म्हणाले, सरकारकडून सांगितलं गेलं की त्याच्या नावावर आमच्याकडं कामच नव्हतं. नसेलच, कारण तो कंत्राटदाराच्या खालचा कंत्राटदार होता. सरकार वरच्याला देत नाही, वरचा खालच्याला देत नाही, आणि ज्याच्या खाली कुणीच नाही त्याच्यावर सगळं येऊन पडतं. त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. मला या गोष्टीनं फार त्रास झाला, अजून होतो.

फक्त बिलांचंच नाही. मे 2025 मध्ये लाडकी बहिणीचा हप्ता द्यायला सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकासचे 335 कोटी वळवले, आणि त्यावर सामाजिक न्यायमंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली, म्हणजे विरोधकांचा आरोप म्हणून हे सोडून देता येत नाही. हा पैसा कुणाचा तर वसतिगृहातल्या पोरांचा, शिष्यवृत्तीचा. आपल्या विद्यापीठात, कॉलेजांत अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आलेली पोरं महाडीबीटीचं (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं) स्टेटस रोज उघडून बघतात. सणाला रेशनवर मिळणारा आनंदाचा शिधा 2025 च्या गणपतीला आलाच नाही. यातला एकही निर्णय "आम्ही ही कपात करतोय" असं सभागृहात उभं राहून कुणी सांगितला नाही, आपोआप झाला.

पीकविम्याचं तर सोलापूरनं डोळ्यानं बघितलं. एक रुपयात पीकविमा 2023 ला आणला, 2025 च्या खरिपाला बंद केला. शेतकऱ्यानं विमा रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का भरायचा, ठीक आहे, एक रुपयात बोगस अर्जही भरपूर आले होते, त्यामुळं हप्ता परत लावला याला माझा विरोध नाही. पण त्याच वेळी स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान ही जी जोखमीची कलमं होती ती पण काढून टाकली, फक्त पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांतलं पीक कापून त्या भागाचं उत्पन्न मोजायचं) भरपाई ठेवली. खर्च वाचला. आणि त्याच सप्टेंबरला सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर-दक्षिण सोलापूर, सगळ्या काठानं पाणी, लांबोटीला पुण्याचा हायवे बंद, तिकडं विजापूरचा रस्ता बंद, उसाच्या फडातून बोटी फिरवायची वेळ. मोहोळकडच्या एका शेतकऱ्यानं मला फोनवर विचारलं की 72 तासांत कळवायचं असतं ना विम्याला, मी कळवतो. मला सांगावं लागलं की ते कलमच आता नाही. मग 7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, म्हणजे विम्यात वाचवलेलं पॅकेजमध्ये गेलं, ते पण कर्ज काढून, आणि पॅकेज म्हणजे परत पंचनामा, ई-केवायसी, यादी, तलाठ्याची वाट. विमा असता तर तो हक्क होता, पॅकेज ही दया झाली. कलम काढताना तुमच्यापैकी कुणी सभागृहात यावर बोललं असेल तर मला जरूर कळवा, मला मनापासून बरं वाटेल.

मग तूट भरायची कशी? टीका करायची आणि उपाय सांगायचा नाही असं मला करायचं नाही.

1972 चा दुष्काळ तुमच्या घरातल्या मोठ्यांनी भोगलाय, खडी फोडायला, तलावाच्या कामावर आपलाच जिल्हा होता. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा त्यात मोठा हात. पण लोक एक गोष्ट विसरलेत. ही हमी देताना महाराष्ट्रानं पैशाची सोय पण केली. 1975 ला व्यवसाय कराचा कायदा आला, तो रोजगार हमीसाठी. नोकरदारांवर कर, मोटार वाहन करावर, विक्री करावर जादा, बागायती जमिनीवर पण, आणि या करांतून जेवढे पैसे जमा होतील तेवढीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या मजुरासाठी द्यायचं, आणि हे तोंडावर सांगून घेतलं. रोजगार हमीचा कायदा झाला 1977 ला, म्हणजे कर आधी लावला आणि कायद्याची हमी नंतर दिली. हे या राज्यानं केलेलं आहे, कुठल्या परदेशातलं उदाहरण नाही देत मी.

आज त्या व्यवसाय कराची अवस्था बघा. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. पुरुषाचा पगार 10 हजाराच्या वर गेला की हा कर पूर्ण लागतो. म्हणजे होटगी रोडवरच्या एखाद्या बिल्डिंगचा 12 हजार पगाराचा वॉचमन 2,500 भरतो आणि मुंबईत महिना 12 लाख घेणारा डायरेक्टर पण 2,500 च भरतो. कारण घटनेच्या 276 कलमात कमाल मर्यादा 2,500 आहे आणि ती 1988 पासून तशीच पडलीय. 1988 चे 2,500 आणि आजचे 2,500 एकच आहेत का? ही मर्यादा संसदेनं बदलायची आहे, तुम्ही नाही, पण विधानसभेत ठराव करून केंद्राकडं पाठवायला काय अडलंय? वरच्या पगारावर हा कर वाढवा, खालच्यांना सोडा. मी स्वतः भरतो हा कर, वाढला तर जास्त भरीन, फक्त तो कशासाठी घेताय ते पावतीवर लिहा.

दारूवर जून 2025 मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं, भारतात बनलेल्या विदेशी मद्यावर उत्पादन खर्चाच्या 3 पटीवरून साडेचार पट, त्यातून वर्षाला 14 हजार कोटी जादा येतील असा अंदाज. मला याच्याबद्दल फार काही म्हणायचं नाही, उघड लावलेला कर आहे. एवढंच की आपल्या जिल्ह्यात तांड्यांवरची हातभट्टी बंद व्हावी म्हणून 2021 ला ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन केलं होतं, मुळेगाव तांड्यावर किती चांगलं काम झालं होतं, बाटली महाग झाली की गरीब माणूस परत तिकडं वळतो आणि शेजारी कर्नाटकाची हद्द तासाभरावर आहे, तेव्हा 14 हजार कोटी धरून खर्च आधीच करून बसू नका.

आता लाडकी बहीण. यावर लोक दोन टोकाला बोलतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. आमच्या पूर्व भागात घराघरात बायका विड्या वळतात, 1,500 रुपये त्यांच्यासाठी काय आहेत हे ज्यांनी ते घर बघितलं नाही त्यांनी त्यावर टिंगल करू नये. सिलिंडर, पोरीची ट्यूशन, बीपीच्या गोळ्या, हे त्यातून होतं, आणि पैसे बाईच्या खात्यात येतात म्हणून होतं. ही योजना बंद करा असं मी म्हणणार नाही. पण हिशेब सांगा. एका बाईला वर्षाला 18 हजार. 2025-26 ला तरतूद केली 36 हजार कोटी. भागाकार करा, 2 कोटी बायका होतात. त्या वेळी लाभ घेणाऱ्या जवळजवळ 2 कोटी 40 लाखांच्या आसपास होत्या. म्हणजे बजेट मांडतानाच ठरलेलं होतं की लाखो नावं कमी होणार, छाननी नंतर झाली, 26 लाखांवर नावं अपात्र धरली. त्यातले पुरुष निघाले, सरकारी नोकर निघाले, ती नावं जायलाच पाहिजेत. पण ई-केवायसी जमलं नाही, आधारला मोबाईल लिंक नाही, अंगठा उमटत नाही म्हणून जी विडी कामगार बाई बाहेर पडते तिचं काय? आयुष्यभर विडी वळून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, तिचा अंगठा मशिनला कसा लागेल? आणि निवडणुकीत दिलेलं महिन्याला 2,100 चं आश्वासन, त्याचा पण भागाकार-गुणाकार मी केला, 2 कोटी 40 लाख बायकांना 2,100 म्हणजे वर्षाला 60 हजार कोटींच्या वर. ज्या पक्षांनी हे बोललं आणि ज्यांनी त्याहून जास्त, 3,000 बोललं, त्या दोघांनी पण हा आकडा कुठून आणणार होतो ते सांगावं. बायकांना खरं सांगितलं तर त्या ऐकून घेतात, वाट बघायला लावलेलं त्यांना आवडत नाही.

एक गोष्ट अशी आहे की जी तुमच्यातल्या काहींना आवडणार नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, राज्यात 44 लाख पंप, त्यावर सरकारचे वर्षाला 14,760 कोटी. यातला फायदा कुणाला, तर ज्याच्याकडं पाणी आहे त्याला. उजनीच्या पट्ट्यात एकेका घरात चार-चार कनेक्शन आहेत, ऊस आहे, कारखान्याचं सभासदत्व आहे, आणि सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ज्याची विहीरच आटलीय त्याला या 14 हजार कोटींतला रुपया मिळत नाही. एका कुटुंबाला एक पंप फुकट, पुढच्या पंपाला अर्धं बिल, असं म्हणायला काय हरकत आहे? आणि कारखान्यांच्या कर्जाला सरकार जी थकहमी देतं, म्हणजे कर्ज थकलं तर आम्ही भरू अशी हमी, तिथं कर्ज बुडालं की पैसे सरकारी तिजोरीतून जातात. ज्या जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत तिथल्या आमदारांनी हा विषय काढला तर सगळा महाराष्ट्र ऐकेल. तुम्ही काढला नाही तर दुसरं कुणी काढणार नाही.

शक्तिपीठ महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जाणार म्हणतात. 2025 च्या आराखड्यात 802 किलोमीटर, 86 हजार कोटींचा अंदाज, जून 2025 मध्ये जमिनीसाठी वगैरे 20,787 कोटींना मंजुरी, त्यात हुडको या केंद्र सरकारच्या वित्त कंपनीचं 12 हजार कोटींचं कर्ज. खुद्द वित्त विभागानं यातल्या कर्जाच्या बोजाबद्दल इशारा दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. रत्नागिरी-नागपूर हायवे याच पट्ट्यातून गेलेला असताना, झालेल्या रस्त्यांची बिलं थकलेली असताना नवा रस्ता कर्जावर काढायची घाई कशासाठी? पाच वर्षं थांबलं तर काय बिघडणार आहे? आमच्या भल्याच्या गोष्टीला पण हाच नियम लावा, सोलापूर-मुंबई विमानाच्या सीटमागे राज्य सरकार पैसे घालतंय, विमान सुरू झालं याचा मला आनंद आहे, बरीच वर्षं वाट बघितली त्याची, पण शिवभोजनची बाई थांबलेली असताना विमानाचं अनुदान वेळेत जात असेल तर ते चुकीचं आहे एवढं सोलापूरकर म्हणून मी म्हणू शकतो.

केंद्राचं पण बोलायला पाहिजे. केंद्राच्या करातलं राज्यांना किती वाटायचं ते वित्त आयोग ठरवतो, पंधराव्या आयोगानं मार्च 2026 पर्यंतसाठी राज्यांच्या वाट्यातला महाराष्ट्राला 6.317 टक्के वाटा दिला. जीएसटीची भरपाई जून 2022 ला संपली. केंद्र जो सेस आणि सरचार्ज लावतं त्यातलं राज्यांना वाटून मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर कमी झाले, गिऱ्हाईकाला चांगलं झालं, राज्याच्या उत्पन्नाला मात्र त्याचा फटका आहेच. सत्तेतल्या पाच आमदारांनी हे दिल्लीला ठणकावून सांगितलं पाहिजे. पण तोपर्यंत उधारीची वही लपवायला हे कारण चालणार नाही.

शेवटी, तुम्ही काय करायचं ते सांगतो. 30 जून 2025 ला 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरचा जादा खर्च मंजूर करून घेण्याच्या मागण्या, आल्या, डिसेंबरला नागपूरला 75,286 कोटींच्या. ढोबळ बेरीज केली तर 1 लाख 32 हजार कोटींच्या वर, 7 लाख कोटींच्या बजेटच्या जवळजवळ 19 टक्के, दोन हप्त्यांत. मार्चमध्ये महिनाभर चर्चा करून जे मंजूर केलं त्याला मग अर्थ काय राहिला? अतिवृष्टी आली तर पुरवणी मागणी समजू शकतो, पण जी गोष्ट मार्चमध्येच माहिती होती ती जूनमध्ये का येते, हा प्रश्न प्रत्येक मागणीला विचारा. मोठ्या मागण्या गोंधळात, विनाचर्चा मंजूर होताना हात वर करू नका.

येत्या बजेट अधिवेशनात तुम्ही अकरा जणांनी मिळून एक तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, टाका : खातेवार, जिल्हावार, 31 मार्चला किती बिलं मंजूर होऊन पैशाअभावी पडून आहेत, किती शिष्यवृत्त्या, किती अनुदानं. हा आकडा दरवर्षी बजेटच्या पुस्तकात तुटीच्या शेजारीच छापला जावा अशी मागणी करा. लाखाच्या आतली बिलं, वसतिगृहं, शिवभोजन, शिष्यवृत्ती यांचे पैसे ज्या महिन्याचे त्या महिन्यात जातील आणि मोठी कंत्राटं नंतर, असा क्रम लावून घ्या, कारण आज क्रम नेमका उलटा आहे. आणि ज्या कामाला वर्षाची तरतूद दहा टक्के आहे त्याला प्रशासकीय मान्यता मिळवून चौकात "अमुक कोटी मंजूर" असे डिजिटल लावणं बंद करा, पार्क चौकात, सात रस्त्यावर असे बोर्ड बघून आमचे पोरं टेंडर भरतात आणि अडकतात. बोर्ड लावायचाच असेल तर आतापर्यंत किती पैसे प्रत्यक्ष आले तो आकडा पण लावा.

कर लागला तर आम्ही भरू. सोलापूरचे लोक कुरकुर करतात पण भरतात, मी त्यांची रिटर्न भरतो म्हणून सांगतोय. कपात केली तरी भांडू आणि समजून घेऊ. फक्त काय वाढवलं, काय कापलं हे तुम्ही उभं राहून सांगा.

हे पत्र मी तुमच्या अकराही संपर्क कार्यालयांत पोस्टानं पाठवतोय. तारांकित प्रश्नाचा मसुदा सोबत जोडलाय, तुमच्या पीएनं वाचून त्यात काही कमी-जास्त करायचं असेल तर करावं, आणि अधिवेशनाच्या आधी मतदारसंघात याल तेव्हा अर्धा तास द्या, मी थकलेल्या बिलांच्या झेरॉक्स घेऊन येतो, ज्यांची आहेत ते पण येतील.

आपला,
सोलापूर शहर मध्य मतदारसंघातला एक मतदार
(व्यवसाय : कर सल्लागार)